थोरलं अक्षर

पहिला धडा अक्षर मोठं करण्याचा. सेटिंगमध्ये जायचं, डिस्प्ले उघडायचा, तिथं एक आडवी रेघ दिसते, तिच्यावरचा ठिपका बोटानं हळूहळू उजवीकडं न्यायचा. ठिपका सरकतो तशी काचेतली बारीक अक्षरं अंग धरू लागतात, वेलांट्या उलगडतात, काने उंच होतात, एका ओळीत दाटीवाटीनं उभे असलेले शब्द ऐसपैस होत खालच्या ओळीत उतरतात, आणि जाड भिंगामागचे जे डोळे इतका वेळ नुसता उजेड पाहत होते, ते वाचायला लागतात. "रविवार," एक आजी म्हणतात. मग जरा थांबून, "बॅटरी."

दिसलं.

जांब समर्थ इथून फार लांब नाही. घनसावंगी तालुक्यातल्या त्या गावात १६०८ सालच्या रामनवमीला जन्मलेला मुलगा पुढं रामदास झाला, देशभर हिंडला, आणि दासबोधासारख्या परमार्थाच्या ग्रंथात, १९ व्या दशकाच्या पहिल्याच समासात, अक्षर कसं काढावं हे सांगत बसला. अक्षर वाटोळं असावं, मोकळं असावं, ओळीला ओळ भिडू नये, कागदाच्या कडा झडल्या तरी मजकूर झडू नये म्हणून चारी बाजूंनी जागा सोडावी, बोरू पारखून घ्यावेत. त्याच ओघात ते एक साधीच गोष्ट सांगून जातात: तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, लिहिणं मध्यम ठेवावं. मी हा समास वाचला तेव्हा मला तो वळणदार अक्षराचा धडा वाटला होता. आता राममंदिराच्या सभामंडपात, शहाबादी फरशीवर मांडी घालून, एकेका फोनमधलं अक्षर वाढताना पाहते तेव्हा जाणवतं, की लेखणी कागदाला टेकवण्याआधी या माणसानं वाचणाऱ्याचं म्हातारपण डोळ्यांपुढं आणलं होतं. तीन-चारशे वर्षांमागं, याच मातीतून उठून गेलेल्या कुणीतरी. आमच्या हातातले हे फोन कुठं कुठं घडतात, ते घडवणारी मुलं किती हुशार असतील, पण दुकानातून नवा फोन आणावा तर त्यातलं अक्षर विशीतल्या डोळ्यांच्या मापाचं असतं.

दिवाळी झाली की या भागातली गावं रिकामी व्हायला लागतात. घनसावंगी, अंबड, परतूर, मंठा, कुठंही जा. आकाशकंदील अजून दारात लोंबत असतात आणि रात्रीतून ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. पातेली, गोधड्या, पत्र्याची पेटी, बांधलेली बकरी, दोन कोंबड्या, वरून ताडपत्री, आणि त्या सगळ्यावर बसून कोयते निघतात. एक जोडपं म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल ऊस तोडून फेडायला कोल्हापूर, सांगली, पार बेळगावपर्यंत. पहाटेच्या थंडीत ट्रॉलीचा लाल दिवा वळणाआड जातो, धूळ बसते, आणि उजाडल्यावर गावात उरतात ते म्हातारे आणि लेकरं. मग सहा महिने गावाचा आवाजच बदलतो. काठीचा आवाज, खोकल्याचा आवाज, शाळेची घंटा, कुलूप लावलेल्या दारांवर चिमण्यांचं भांडण. आणि अधूनमधून, कुणाच्या तरी कमरेच्या पिशवीत, पदराच्या गाठीत, उशाखाली वाजणारा फोन.

त्या फोनमध्ये आता सगळं असतं. रेशनचं केवायसी असतं. पीएम किसानचे वर्षाला येणारे ६,००० रुपये आले की नाही ते असतं. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानं आपणच करायची आहे, तर बांधावर उभं राहून काढायचा कपाशीचा फोटो असतो. निराधार योजनेतले महिन्याचे १,५०० रुपये खात्यात पडल्याचा मेसेज असतो. बेळगावकडच्या फडातून लेकीचा आवाज असतो. ज्यांना हे सगळं येतं ती पिढी ऊस तोडायला गेलेली, आणि जी मागं राहिली तिच्या हातात ही काच. म्हणून आमचा वर्ग दिवाळीनंतर सुरू होतो. फी नाही, नावनोंदणी नाही, प्रमाणपत्र नाही. दुपारी तीनला, भांडी घासून झाल्यावर आणि गुरं परतायच्या आधी, जेव्हा ऊन खांबाच्या कडेनं आत येऊन फरशीवर लांब पडतं. रेंज मंदिराच्या पायऱ्यांपाशी चांगली मिळते, त्यामुळं व्हिडिओ कॉल शिकायचा दिवस असला की सगळा वर्ग उठून पायऱ्यांवर जाऊन बसतो. शिकवणाऱ्या दोघी. मी, आणि गावातलीच एक कॉलेजात जाणारी मुलगी, जी सकाळी सेवा केंद्रावर काम करते. तिच्याकडं धीर आहे. तिच्या वयात माझ्याकडं नव्हता.

कापूस वेचलेली बोटं मी या वर्गात पहिल्यांदा नीट पाहिली. फुटलेल्या बोंडाच्या वाळक्या पाकळ्यांना टोकं असतात. ती नखाच्या मुळाशी, पेरांच्या घड्यांत टोचत राहतात, वर्षानुवर्षं, आणि कातडी आपलं रक्षण करायला जाड होत जाते, मग हिवाळ्यात ती जाड कातडी तडकते, भेगांमध्ये काळी माती बसते आणि तिथंच राहते. फोनच्या काचेवर विजेचा अगदी क्षीण थर पसरलेला असतो. बोटाच्या कातडीत थोडी ओल असते, ती त्या थराला जाणवली की काचेला कळतं, कुणीतरी आलं. या बोटांत ती ओल राहिलेली नाही. आजी बोट ठेवतात. काही होत नाही. जोर लावून दाबतात. काही होत नाही. "मह्या बोटाला हा वळखीतच नाही," त्या म्हणतात, आणि त्यांच्या आवाजात तक्रार नसते, सवयीनं आलेली एक कबुली असते, आणखी एका ठिकाणी आपल्याला ओळख नाही इतकीच. मग ती मुलगी तांब्यातल्या पाण्यात पदराचं टोक बुडवते आणि आजींचं बोट पुसते. तळव्यापासून टोकापर्यंत, दोनदा, सावकाश.

आता पुन्हा.

काच उजळते.

नंतर दुसरी अडचण येते. जुनी बोटं टेकली की टेकून राहतात. उचलायची घाई त्यांना कधीच नव्हती. फोनला वाटतं, हिला दुसरंच काहीतरी हवंय, आणि तो भलतीच खिडकी उघडून बसतो. म्हणून हलकं टेकवायला शिकवावं लागतं, टेकवून लगेच उचलायला. उखळ, जातं, विळा, खुरपं, पाण्याची घागर, साऱ्या जन्माची कामं जोर मागणारी; आणि इथं जोर काढून टाकायचा. हे सांगून जमत नाही. एक दिवस एका आजींना ते आपसूक जमलं. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या नाकपुडीशी श्वास चाललाय ना बघायला आई बोट नेते, तेवढ्या हलकेपणानं त्यांनी हिरव्या गोलावर बोट नेलं, आणि सुनेचा चेहरा समोर आला. मागं उसाचा पाला, कोपीचं पाचट, धूर.

याच हातांचे अंगठे किती कागदांवर टेकलेले आहेत. वाटणीच्या, सोसायटीच्या कर्जाच्या, विहिरीच्या हिश्शाच्या कागदावर, आत काय लिहिलंय ते न कळता, कुणीतरी मनगट धरून, निळ्या पॅडवरून उचलून टेकवलेला अंगठा. २०१० च्या सप्टेंबरात नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं तेव्हा त्याच अंगठ्याला केवढा मान आल्यासारखं वाटलं होतं. आता रेशनच्या दुकानात ई-पॉसच्या छोट्या लाल उजेडावर तो अंगठा ठेवला की यंत्र नाही म्हणतं. पुसून ठेवा. दुसरं बोट ठेवा. उद्या या. रेषा झिजलेल्या असतात. जन्मभर राबलेला अंगठा, आणि यंत्राच्या लेखी तो कुणाचाच नाही. मला या गोष्टीचा राग येतो, आणि तो राग शांत व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

आमच्या वर्गाचा नियम एकच. शिकवणाऱ्यानं फोनला हात लावायचा नाही.

हा नियम त्या मुलीनं केला. घरोघरी काय होतं ते तिनं पाहिलेलं आहे, आणि मीही. म्हातारं माणूस फोन घेऊन येतं, विचारतं, हे काय आलंय बघ. आणि मुलगा, सून, नातू, कुणीही, प्रेमानंच, हात पुढं करतो. आण इकडं. क्षणभर काचेवर बोटांची तिरीप उडते, काय झालं ते कुणालाच दिसत नाही, आणि फोन परत हातात येतो. झालं. पुढच्या वेळी पुन्हा तेच. मदत झाली खरी, पण त्या हिसक्यात काहीतरी काढून घेतलं गेलं, आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं जात राहिलं, इतकं की शेवटी माणूस विचारायचंही सोडून देतं. म्हणून इथं आम्ही शेजारी बसतो आणि हात मांडीवर ठेवतो. सांगायचं, दाखवायचं तर आपल्या फोनवर दाखवायचं, आणि वाट पाहायची. कधी एका बटणासाठी पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत खांबावरून ऊन सरकतं, बाहेर शेळी ओरडते, मुलीच्या मांडीवरची बोटं आत वळतात, कारण तिला दिसत असतं, बोट कुठं जायला हवं ते. ती बोलत नाही.

"पुन्हा सांग गं माय."

ती पुन्हा सांगते.

सरकारनं शिकवलं नाही असं नाही. प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाला २०१७ च्या फेब्रुवारीत मंजुरी मिळाली. खेड्यातल्या प्रत्येक घरातल्या एकाला, २० तासांचं शिक्षण, पूर्ण मोफत. २०२४ च्या मार्चअखेर ते संपलं तोवर देशातली सहा कोटींहून जास्त माणसं त्यात शिकून गेली होती. मोठं काम होतं, आणि गावोगावच्या सेवा केंद्रांवर बसलेल्या पोरापोरींनी ते ओढलं. पण पात्रतेच्या रकान्यात लिहिलं होतं: वय १४ ते ६०. साठीपाशी रेघ. ती ओढणाऱ्याचा हिशेब मला समजू शकतो. पैसा मोजका, एका घरात एकच जण, तर कमावत्या वयाचाच घ्यावा. तरीही ती रेघ मला टोचते. कारण ज्यांच्या पेन्शनी, अनुदानं, औषधं, लेकरांचे आवाज सगळे एकेक करून त्या काचेआड गेले, त्यांच्याच तोंडावर तेवढं दार ओढलं गेलं. पुढं आलेल्या उल्लासमध्ये, म्हणजे नव भारत साक्षरता कार्यक्रमात, वय १५ च्या पुढं कितीही चालतं, अक्षरओळखीबरोबर फोनही शिकवायचा आहे. २१ ऑगस्ट २०२५ ला केरळनं आपलं राज्य पूर्ण डिजिटल साक्षर झाल्याचं जाहीर केलं, तेव्हा तिथल्या शिकणाऱ्यांमध्ये शंभरी ओलांडलेले एक मौलवी होते, अब्दुल्ला मौलवी बाखवी. रोजगार हमीच्या कामावर, दुपारच्या सुटीत, झाडाखाली बसवून तिथं बायाबापड्यांना शिकवलं. हे मी वर्गात सांगितलं. सगळे ऐकत होते. मग एक आजोबा म्हणाले, "शंभर? मंग मला तर अजून टाईम हाये."

हे आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले. इथले सगळेच तसे, जे नव्वदीकडं झुकलेत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं त्याच्या आधीची शाळा त्यांनी पाहिलेली आहे, जिथं घरी मराठी बोलणाऱ्या पोरांना पाटीवर पहिली अक्षरं उर्दूची काढावी लागत. मग राज्य बदललं, भाषा बदलली, मास्तर बदलले, आणि अर्ध्यावर आलेल्या त्या पोरानं पुन्हा पहिल्यापासून अ गिरवला, डावीकडून उजवीकडं. २०२३ साली शेजारच्या अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचं आंदोलन उभं राहिलं, कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उपसली जाऊ लागली आणि अचानक जो तो विचारू लागला, मोडी कुणाला येते, उर्दू कुणाला येते. पन्नास-साठ वर्षं ज्याचा कुणी उल्लेखही केला नव्हता ते ज्ञान तेव्हा थोडे दिवस उजेडात आलं.

आम्ही कीबोर्डची भाषा कशी बदलायची ते दाखवत होतो. यादी वर सरकत होती, मराठी, नेपाळी, ओडिया, पंजाबी, आणि आजोबांचं बोट एका ठिकाणी अडलं. उर्दू. त्यांनी ते निवडलं. काचेवर ती अक्षरं आली आणि त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. मग एकेक अक्षर शोधत त्यांनी आपलं नाव लिहायला घेतलं, आणि आम्ही सगळ्यांनी पाहिलं, की ती लुकलुकणारी उभी रेघ, जी आजवर प्रत्येक फोनमध्ये डावीकडं उभी असायची, ती उजव्या टोकाला जाऊन उभी राहिली होती आणि नाव तिकडून इकडं येत होतं. सभामंडपात एकदम गलका झाला. बाया हसू लागल्या, उठून बघायला आल्या, एकमेकींच्या खांद्यावर रेलल्या. "उलटं चाललंय की!" आजोबा मान वर न करता लिहीत राहिले. सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती, आणि मला खात्री आहे की ते त्या वेळी या मंदिरात नव्हते. ते कुठल्याशा मातीच्या भिंतींच्या खोलीत होते, मांडीवर पाटी, हाताला खडूची पूड, बाहेर लिंबाची सावली, आणि पुढं काय होणार आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

बायांच्या आठवणीत शाळा वेगळी आहे. मुळात बहुतेकींच्या आठवणीत शाळाच नाही. जी आहे ती कंदिलाची. १९७८ च्या गांधीजयंतीला देशभर प्रौढशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यातले रात्रीचे वर्ग दूरवरच्या खेड्यांपर्यंत आले, आणि नवीन लग्न होऊन आलेल्या काहीजणी सासूच्या परवानगीनं आठ-पंधरा दिवस जाऊन आल्या. एकीला त्यातला फक्त क आठवतो. एकीला कंदिलाचा वास आठवतो, रॉकेलचा. पाळणा हलवायला कुणी नाही म्हणून ती उठून गेली ती गेलीच. ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा निघाली, गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर. त्याचा व्हिडिओ आम्ही इथं दाखवला तेव्हा सगळ्यात मागं बसलेल्या, रॉकेलचा वास आठवणाऱ्या बाई पुढं आल्या आणि त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग त्यांनीच, कुणाला न विचारता, गोल बाणावर बोट ठेवून तो तिसऱ्यांदा लावला.

ग्रामपंचायतीनं एक जुना कॉम्प्युटर दिला आहे. तो फारसा लागत नाही. माऊस इथं फिरतो आणि बाण तिथं, वर, काचेत फिरतो, ही फारकत या वयात पटत नाही. हात आणि काम एकाच जागी असावं, अशी त्यांची आयुष्यभराची रीत.

नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना. निवृत्त मास्तर, एसटीचे एक कंडक्टर, आणि नवऱ्याच्या मागं पेन्शन मिळणाऱ्या एक आजी. दरवर्षी आपण जिवंत आहोत हे कळवायचं. पूर्वी त्यासाठी तालुक्याला जाऊन रांगेत बसावं लागे. २०१४ च्या नोव्हेंबरात जीवन प्रमाण आलं, आधी बोटाच्या ठशावर, आणि आता ते चेहऱ्यावरही होतं. झिजलेल्या अंगठ्याला मिळालेली ही सुटका आहे, आणि मी ती मनापासून चांगली मानते. फोन चेहऱ्यासमोर धरायचा, गोलात चेहरा बसवायचा, उजेडाकडं तोंड करायचं, पापण्या मिटून उघडायच्या.

आजींनी फोन समोर धरला. त्यांचा चेहरा आला.

त्या थबकल्या. त्यांच्या घरात आरसा आहे, तळहाताएवढा, खुंटीला टांगलेला, पारा उडालेला. त्यात पूर्वी कुंकवापुरतं कपाळ दिसायचं, आता तेही बघावं लागत नाही. पूर्ण चेहरा, असा समोरून, उन्हात, हनुवटीपासून केसांपर्यंत, त्यांनी किती वर्षांनी पाहिला असेल. त्यांचा हात आधी पदराकडं गेला. पुढं ओढलेला पदर चेहऱ्यावर सावली धरत होता, फोन तो चेहरा घेत नव्हता. मुलगी हळूच म्हणाली, "आजी, जरा मागं घ्या." देवळात, चारचौघांत, पुरुषमाणसं बसलेली असताना. आजींनी इकडंतिकडं पाहिलं. मास्तर कळल्यासारखे उठून बाहेर पायरीवर गेले, कंडक्टरकाकाही गेले. पदर मागं गेला. पांढरे, विरळ, तेल लावून चापून बसवलेले केस. गोंदलेलं कपाळ, हिरवं, फिकट झालेलं. गालांवरच्या आडव्या-उभ्या रेषा, ज्यांना कुठल्याही यंत्राची भीती नव्हती. त्या बघत राहिल्या. आपल्या आईकडं बघावं तसं काहीतरी त्या नजरेत होतं, आणि बहुधा खरंच आईच दिसत असावी, कारण त्या वयाची आई त्यांनी पाहिलेली होती. गोलाची कड हिरवी झाली. पापण्या मिटा, अशी सूचना आली. त्यांनी पापण्या मिटल्या आणि उघडायला वेळ लावला.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

झालं. हयात.

सगळ्यात अवघड धडा संशयाचा. तो मी नेहमी पुढं ढकलते आणि मग द्यावाच लागतो. सहा आकडे येतात, ते कुणालाही सांगायचे नाहीत. बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही. पोलीस म्हणाला तरी नाही. वर्दी घालून व्हिडिओवर दिसला, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे म्हणाला, तर फोन ठेवून द्यायचा, कारण तशी अटक आपल्या कायद्यात कुठंच नाही. फसलो असं वाटलं तर लगेच १९३० ला फोन लावायचा. हा आकडा पाठ करून घेताना एक बाबा म्हणाले, थोरल्या भावाचं जन्मसालच आहे, विसरायचं कसं. इथपर्यंत सगळं ठीक चालतं. मग कुणीतरी विचारतं, "आन खरंच कुणी अडचणीत असलं तर?" या गावात दार दिवसा लावलेलं मी पाहिलेलं नाही. हाक आली की ओ द्यायची, पाणी मागितलं की आधी गूळ पुढं करायचा, अनोळखी माणसाला गाव विचारायचं आणि त्या गावात आपलं कोण दिलंय ते आठवायचं. अशा माणसांना मी सांगते, समोरचा गोड बोलला की सावध व्हा. सांगताना घसा कोरडा पडतो. पण कुणाच्या तरी ऊसतोडीची अख्खी उचल एका फोनवर जाऊ शकते, हेही मला ठाऊक आहे, म्हणून मी सांगते, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगते.

एकदा, वर्ग संपत आला असताना, त्या मुलीनं जात्यावरच्या ओव्या लावल्या. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या दोघांनी आणि त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून जमवलेल्या ओव्या, लाखाच्या वर. २०१७ पासून 'पारी' या, खेड्यापाड्यातल्या जगण्याची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावर त्या एकेक करून ठेवल्या जात आहेत. फोनच्या छोट्या स्पीकरमधून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. थोडा फाटलेला, थोडा पुढं झुकलेला, मागं जात्याची घरघर नव्हती तरी ओळीच्या शेवटी तोल जिथं जायचा तिथंच जाणारा. बोलणं आमच्याकडचंच, मराठवाड्यातलं. सभामंडपातली कुजबुज थांबली. बोटं मांडीवर गोल फिरू लागली, आपल्या आपण, उजवीकडून डावीकडं. दोन ओव्या झाल्या, तिसरी झाली, आणि आवाज थांबला.

"पुढची म्हणली नाही तिनं," एक आजी म्हणाल्या. या त्याच, ज्यांच्या बोटाला फोन ओळखत नव्हता. "हिच्या म्होरं अजून एक हाये."

आणि त्यांनी ती म्हटली. डोळे मिटून, भिंतीला टेकून, त्या बाईनं जिथं सोडलं होतं तिथून उचलून. मग त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, हे तिला कसं धाडायचं? ती बाई कोण, कुठल्या गावची, आहे की नाही, आम्हाला काहीच सांगता आलं नाही. आजी जरा विचारात पडल्या. मग म्हणाल्या, मंग सुनेला धाडते. त्यांनी बोट पदरावर पुसलं, तोंडाजवळ नेऊन फुंकर घातली, माईकच्या खुणेवर ठेवलं, आणि पुन्हा पहिल्यापासून ओवी म्हटली, बोट न उचलता, शेवटच्या अक्षरापर्यंत. या एका कामाला त्यांचं टेकून राहणारं बोट नेमकं उपयोगी पडलं. बोट उचललं. आवाज गेला, कोल्हापूरच्या पलीकडं, फडात.

आम्ही चपला घालत होतो तेव्हा उत्तर आलं. सुनेचा आवाज, मागं कोयत्यांचा सपसप आवाज, बायांचं हसणं, कुणीतरी ओरडून काही सांगतंय. आत्याबाई, अजून एक म्हणा, टोळीतल्या समद्या जमल्यात ऐकायला. आजींनी ते दोनदा ऐकलं. मुलीचा हात नकळत पुढं आला होता, तो आजींनी कोपरानंच बाजूला सारला. त्यांनी फोन तोंडाशी धरला, माईक दाबला, आणि बेळगावपर्यंत पोचायचं असल्यामुळं चांगला आवाज चढवून सांगितलं, "रातच्याला म्हणते गं. आत्ता धारा काढायच्यात, म्हस वरडायली."